ब्रेकची मडी

आमच्या घरमालकीणबाई नऊवारीचा काचा घट्ट मारून गाडीखाली शिरल्या, की समोरच्या वकिलांच्या माडीवरच्या खिडक्या एकामागून एक बंद होत. बाईमाणसाचे पाय गाडीखालून बाहेर आलेले दिसावेत, हे पश्चिम मांबळमच्या अब्रूला शोभत नाही, असं वकिलांचं मत. बाई गाडीखालूनच तमिळमध्ये ओरडत, "खिडक्या लावून घ्या हो, वारा तुमचाच जाईल!" आणि पुन्हा पान्याची खटखट सुरू होई.

मी बाईंच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होते. मद्रासबाहेरच्या आवडी गावातल्या कारखान्याच्या कचेरीत टंकलेखिका म्हणून नोकरी लागली होती. पहाटे मांबळमहून विजेच्या गाडीने पार्क स्टेशन, तिथून सेंट्रलला चालत जाऊन आवडीची कोळशाची गाडी. संध्याकाळी उलटा प्रवास. माझे वडील सोलापुरात छापखान्यात खिळे जुळवायचे. संपाची पत्रकं, सभांची हँडबिलं. मी अक्षरं त्याच कागदांवरून शिकले. त्यामुळे मद्रासला आले तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती.

बाई मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. पन्नाशीच्या, अविवाहित, हाडाने काटक. गल्ली त्यांना 'टीचरम्मा' म्हणे, मी 'अक्का' म्हणू लागले. तंजावरकडचं मराठी घराणं. त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला एखादी जुनी सनद बोलतेय असं वाटलं होतं. 'कोठे', 'मजला', 'तुजला'. 'सगळं' म्हणायचं तर 'अस्का'. आणि वर तमिळचा हेल. माझं बोलणं ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "तुझी भाषा नवी आहे की. कोठे छापली?"

मी माझी पत्रकं त्यांना वाचायला देत असे. त्या शाळेच्या वह्या तपासाव्यात तशा लाल पेन्सिलीने तपासून ती परत करत. 'क्रांती अटळ आहे' या वाक्याखाली त्यांनी रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं : 'किती काळात? एकक लिहावे.' मी चिडून जिना उतरून भांडायला गेले, तर म्हणाल्या, "खोटं कोठे म्हणते मी? ताळा केलास का, एवढंच पुसते." हा ताळा त्यांचा जीव की प्राण. भाजीवालीने भेंडी कोवळी आहे म्हटलं की एक मोडून ताळा. पावसाचा अंदाज पेपरात आला की गच्चीत भांडं ठेवून ताळा. ताळा केल्याशिवाय त्या कशालाही बरं म्हणत नसत. इडलीलासुद्धा.

आणि अशा बाईंच्या पडवीत एक बुटकी, गडद हिरवी, दोनच माणसं बसतील अशी इंग्रजी शर्यतीची गाडी होती. निलगिरीतल्या चहामळ्यावरचा कुणी साहेब देश सोडून जाताना ती मागे ठेवून गेला. अक्कांचे थोरले भाऊ त्याच मळ्यावर इंजिनियर. त्यांनी ती घेतली, हौसेने दोनदा घाटात काढली, दुसऱ्या वेळी वळणावर ती थांबली नाही आणि दगडी कठड्यावर जाऊन आदळली. अण्णांना खरचटलंही नाही, पण पुन्हा त्यांनी तिला हात लावला नाही. गाडी आगगाडीवर चढवून बहिणीकडे पाठवून दिली. कागदावर मालक अण्णाच.

मला त्या गाडीचा राग होता. लपवून काय करू? देशात माणसं पाण्याच्या नळासाठी भांडत असताना दोन माणसांनी वाऱ्यासारखं पळायचं म्हणून एवढं पोलाद! साहेब गेला आणि आपला माज पडवीत ठेवून गेला, असं मी अक्कांना तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, "माज गेला साहेबाबरोबर. पोलाद राहिलं. पोलादाचा काय अपराध?"

खरं सांगायचं तर गाडीचा माज त्यांनी ठेवलाच नव्हता. शाळेत त्या छत्री घेऊन चालत जात. फक्त रविवारी पहाटे गाडी बाहेर काढायच्या, तांबरमपर्यंत जायच्या आणि यायच्या. सायकलवाल्याला, बैलगाडीला, शेळीला, सगळ्यांना वाट देत. मी एकदाच बरोबर गेले. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी असा काही वेग घेतला की माझी वेणी सुटली, आणि मग काही कारण नसताना गाडी थांबवली. पुन्हा वेग, पुन्हा थांबणं. मी विचारलं, "कुणी आडवं आलं का?"

"कोण्ही नाही. चुम्मा, उगीच. किती लांबीत थांबते ते पाहाते."

उतरून त्यांनी पावलांनी अंतर मोजलं आणि वहीत लिहिलं. वहीत अशी दोन वर्षांची पावलं होती, आणि ती आकड्याआकड्याने वाढत चालली होती. म्हणजे गाडी थांबायला दर महिन्याला थोडी जास्त जागा घेत होती. ब्रेक झिजले होते.

त्या गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते. मद्रासमध्ये तेव्हा ते पाहिलेला मिस्त्री विरळा. चाकाबरोबर एक पोलादी तबकडी फिरते आणि तिला दोन्ही अंगांनी दोन पॅड चिमटीत धरतात, झालं, एवढंच ते यंत्र. पण माउंट रोडवरच्या मोठ्या मिस्त्रीने चाक काढून आत पाहिलं आणि म्हणाला, "अम्मा, याचं झाकण कुठे हरवलं?" त्याला नेहमीचा बंद ड्रम अपेक्षित होता. अक्का गाडी परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "जो झाकण शोधतो त्याच्या हाती मी माझी मान देणार नाही." काम घरीच करायचं ठरलं.

इंग्लंडहून दोन नव्या तबकड्या आणि चार पॅड बोटीने यायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत अक्कांनी गाडीचं पुस्तक पाठ केलं. पुस्तकाला शाळेच्या पुस्तकासारखं तपकिरी कागदाचं वेष्टण, वर नाव, आणि 'इयत्ता' पुढे लिहिलेलं : 'गाडी'. एका पानावर त्यांना आकड्याची चूक सापडली. ती त्यांनी कंपनीला पत्राने कळवली, आणि कंपनीने आभाराचं पत्र पाठवलं, ते त्यांनी शाळेतल्या मुलींना वाचून दाखवलं. "पाहिलंत? छापलेलं अस्का खरं नसतं." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं, पण मी तिथे नव्हते, हे मला त्यांनीच घरी येऊन सांगितलं, माझ्याकडे पाहत.

तबकड्यांचा डबा बंदरावर आला त्याच आठवड्यात अण्णांचं पत्र आलं. कोइमतूरला गाडीसाठी गिऱ्हाईक मिळालं होतं. 'बाईमाणसाने जीव धोक्यात घालायला मी ती गाडी तुझ्याकडे ठेविली नव्हती,' असं त्यांनी लिहिलं होतं. अक्कांनी उलट टपाली अट घातली. शोळावरमच्या विमानांच्या जुन्या धावपट्टीवर महिन्याच्या शेवटच्या रविवारी शर्यती होत्या. शर्यतीआधी मोटार-क्लबचे तपासनीस प्रत्येक गाडी तपासतात. 'त्यांनी माझ्या हातचे ब्रेक पास केले, तर गाडी मांबळममध्ये राहील. नापास केले, तर तुम्ही तिथूनच कोइमतूरला घेऊन जा.' अण्णांनी लगेच होकार कळवला. घरी, पडवीत, बहिणीने केलेलं काम कोण पास करणार?

आणि म्हणून त्या रविवारच्या आठवडाभर आधीच्या शनिवारी गाडी ठोकळ्यांवर चढली.

मी मदतीला गेले, कारण ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पायाने दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी नळीचा नट सैल करून हवा सोडायची आणि पाय वर येण्याआधी तो बंद करायचा. मी आधीच सांगून टाकलं, "हुकूम मी ऐकणार नाही." अक्का म्हणाल्या, "सरी, बरं. तू आत बस. हुकूम तूच दे, मी ऐकते." आणि खरोखरच सगळं बसवून झाल्यावर दीड तास त्या चाकापाशी मांडी घालून माझे हुकूम ऐकत राहिल्या. "दाबला!" मी ओरडायची. "उघडला!" त्या म्हणायच्या. "खाली टेकला!" "बंद केला!" एवढा सत्तापालट मी आजवर कुठल्या सभेत पाहिलेला नाही.

त्यांची काम करायची रीत पाहून मला हसूही येई आणि आदरही वाटे. पुस्तकात लिहिलं होतं की अमुक बोल्ट अमुक जोराने आवळा. तो जोर मोजायचा खास पाना त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेतून ताणकाटा आणला, पान्याच्या टोकाला, बरोबर एक फुटावर अडकवला आणि काटा आकड्यावर येईपर्यंत ओढला. तबकडीची जाडी आठ ठिकाणी स्क्रू गेजने मोजली. ती डुगडुगते का ते पाहायला प्रयोगशाळेच्याच स्टँडवर मेणाने दाभण चिकटवलं, त्याचं टोक तबकडीच्या केसभर अंतरावर ठेवलं आणि हाताने तबकडी फिरवली. मागे पांढरा कागद धरून म्हणाल्या, "ती फट पाहा. फिरताना ती कमीजास्त होते का?" होत नव्हती. तेव्हा कुठे त्या तबकडीला दहापैकी नऊ गुण मिळाले.

पण एक गोष्ट मला पहिल्या तासापासून टोचत होती. पडवीच्या एका अंगाला त्यांनी जुनी वर्तमानपत्रं पसरून त्यावर नव्या तबकड्या आणि पॅड ठेवले होते. त्या बाजूची फडकी वेगळी, ग्रीसची फडकी वेगळी. ग्रीसला हात लागला की शिकेकाईने धुवून, वाळवून मगच तिकडे जायचं. मी सहज एक पॅड उचलायला हात पुढे केला, तर त्या ओरडल्या, "अय्ययो, शिवू नको! मडी आहे ते!"

मडी म्हणजे सोवळं.

माझ्या डोक्यात काय झालं ते सांगायला हवं. मी आठ वर्षांची असताना वडिलांबरोबर एका बड्या घरी लग्नपत्रिका पोचवायला गेले होते. वडिलांनी रात्रंदिवस खपून जुळवलेली, सोनेरी शाईची पत्रिका. त्या घरच्या बाईंनी गठ्ठा पायरीवर ठेवायला लावला, त्यावर पाणी शिंपडलं आणि मगच उचलला. शाई फुटली. वडील काही बोलले नाहीत. मी त्या दिवसापासून बोलतेच आहे.

आणि आता ही शिकलेली बाई, न्यूटनचे नियम शिकवणारी बाई, लोखंडाला सोवळं नेसवत होती.

रविवारी दुपारी अक्का कॉफी करायला आत गेल्या. त्या दिवशी मी न्हाऊन केसांना खोबरेल तेल लावलं होतं. मी वेणीवरून हात फिरवला आणि सगळा तळवा डाव्या चाकाच्या तबकडीवर ठेवला. मग त्याच चाकाचे दोन्ही पॅड उचलून चांगले हाताळले आणि होते तसे ठेवून दिले. मुद्दाम. मला आठवतं, मला फार बरं वाटलं. एक पत्रक लिहिल्यासारखं.

अक्का आल्या, आम्ही कॉफी प्यालो. पॅड बसवण्याआधी त्यांनी प्रयोगशाळेच्या स्पिरिटने तबकडी पुसली. पॅड पुसले नाहीत. ते कोरे, सोवळ्यातले होते ना.

संध्याकाळी सैदापेटच्या पलीकडच्या सरळ रस्त्यावर ताळा. अक्कांनी खडूने रेघ मारली, लांबून ताशी चाळीस मैलांनी आल्या आणि रेघेवर ब्रेक दाबला. गाडी उजवीकडे ओढली गेली. पुन्हा केलं. पुन्हा उजवीकडे, जरा जास्तच. चौथ्या वेळी ती रस्ता सोडून चिंचेच्या झाडापासून दोन हातांवर थांबली. मी धावत गेले. अक्का सुकाणू धरून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"लागलं का?"

"नाही. चूक आहे कोठे तरी." मग सुकाणूवरचे हात काढून घेत, "माझी."

पुढचे चार दिवस मी कचेरीतून परत यायची तेव्हा गाडी ठोकळ्यांवर असायची. सोमवारी त्यांनी सगळं खोललं, मोजलं, लावलं. मंगळवारी पुन्हा. दाभण, ताणकाटा, स्क्रू गेज. सगळं पुस्तकाबरहुकूम बरोबर येत होतं, फक्त गाडी सरळ थांबत नव्हती. वहीत प्रत्येक पायरी वेळेसकट लिहिलेली होती. त्या ती वही पुन्हा पुन्हा वाचायच्या, एखादी मुलगी नापास होऊन स्वतःचाच पेपर वाचते तशी. तिथे एकच पायरी लिहिलेली नव्हती, ती मला ठाऊक होती.

मला तेव्हा पॅड तेल पितो हे माहीत नव्हतं, अशी पळवाट मी शोधली. पण मंगळवारी मी त्यांचं पुस्तक उघडून पाहिलं. त्यात जाड ठशात लिहिलं होतं : तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये. त्याखाली कारणही लिहिलं होतं. म्हणजे बुधवारी मला माहीत होतं. गुरुवारीही मला माहीत होतं.

गुरुवारी संध्याकाळी अक्का पायरीवर बसून म्हणाल्या, "उद्या अण्णांना तार करते. रविवारी शोळावरमला यायचं कारण नाही, येथूनच गाडी घेऊन जा म्हणून."

"का?"

"माझ्या हातांचा भरवसा गेला, पोरी. एवढं अस्का मोजलं, कोठेच चूक दिसत नाही. जी चूक करणाऱ्याला दिसत नाही ती सर्वांत वाईट. उद्या वर्गात मुलींच्या हाती ऍसिड देताना मजला हेच आठवेल."

मी जिना चढून खोलीत गेले. चुका कबूल न करणाऱ्या सरकारवर मी चार पत्रकं लिहिली होती. चारही पेटीत होती. त्यातल्या एकात मी लिहिलं होतं की सत्ता चूक कबूल करत नाही, कारण तिला वाटतं कबुलीने ती लहान होईल. छान वाक्य होतं. त्याखाली अक्कांची लाल रेघ नव्हती.

शुक्रवारी पहाटे मी गाडी पकडायला निघाले आणि फाटकापासून परत फिरले. अक्का अंगणात रांगोळी घालत होत्या.

"अक्का, पॅडला मी हात लावला होता. रविवारी. तुम्ही कॉफी करत होतात तेव्हा. हाताला तेल होतं."

रांगोळीची चिमूट तशीच राहिली. मला वाटलं, आता घर सोडावं लागणार. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "कोणता हात?"

"उजवा."

"दोन्ही पॅड का एकच?"

"दोन्ही. डाव्या चाकाचे."

"तेल कोणतं? खोबरेल की तिळाचं?"

"खोबरेल."

"किती वेळ धरलेस?"

"तुम्ही कॉफी गाळत होतात तितका वेळ."

त्यांनी डोळे मिटून हिशेब केला असावा. डावीकडे पकड कमी, म्हणून उजवीकडे ओढ. मग दोन्ही हात डोक्याला लावून त्या एकदम हसायला लागल्या. पांढरी रांगोळी केसांना लागली. "म्हणजे माझे हात शाबूत! अय्ययो, अगे, सोमवारी सांगितलं असतंस तर चार दिवसांत मी म्हातारी झाले नसते!"

मग हसणं थांबलं. "मुद्दाम लावलास?"

"हो."

"का?"

मी लग्नपत्रिकेची गोष्ट सांगितली. शाई फुटल्याचं सांगताना माझा आवाज चढला. चढू दिला. चूक माझी होती, पण ती शाईही खोटी नव्हती. अक्का रांगोळीकडे बघत ऐकत होत्या. आत जाऊन त्यांनी वही आणली. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःसाठी नियम लिहिले होते, त्यात 'मडी' हा शब्द तीनदा होता. तिन्ही ठिकाणी लाल पेन्सिलीने त्यांनी तो खोडला आणि लिहिलं : 'पॅड सच्छिद्र. तेल आत शिरते. पकड जाते. हात धुवावे.'

"शब्द माझा चुकला," त्या म्हणाल्या. "स्वच्छ म्हणायला आमच्या घरात दुसरा शब्दच नव्हता. पण कारण न सांगता 'शिवू नको' म्हटलं, ती चूक शब्दाची नाही, माझी. शिक्षकाने तरी तसं म्हणू नये." आणि वही मिटून, "आता तुझी चूक. तू कारण पुसलं नाहीस. भांडली असतीस तरी चाललं असतं. रोज भांडतेस की!"

"हो."

"सरी. आज कचेरी बुडली तुझी. काचकागद आण."

आम्ही खिडकीची एक काच काढून तिच्यावर काचकागद पसरला आणि पॅडचा वरचा थर सपाट घासून काढला. मग ते कोळशाच्या शेगडीवर तापवले. धूर निघाला आणि पडवीभर खोबऱ्याच्या वडीसारखा वास सुटला. समोरच्या माडीवरची एक खिडकी उघडली. वकिलीणबाईंनी विचारलं, "टीचरम्मा, काय करताय? वास छान येतोय."

"ब्रेक तळतेय," अक्का म्हणाल्या.

वास पूर्ण जाईपर्यंत तापवणं आणि घासणं चाललं. शनिवारी सकाळी सैदापेटच्या रस्त्यावर दहा थांबे घ्यायचे ठरले. त्यांचा नियम : दहाच्या दहा सरळ. नऊ आले तर गाडी अण्णांच्या हवाली. मी खडूच्या रेघेपाशी उभी राहून मोजत होते. दहावा थांबा झाल्यावर त्या गाडीतून उतरल्या नाहीत, नुसतं वहीसाठी हात पुढे केला.

दुपारी अण्णा आले. खादीचा कोट, हातात छत्री, कपाळाला अंगारा. पाणीसुद्धा फाटकाजवळच्या शेजाऱ्याकडे प्याले. पडवीत येऊन गाडीकडे लांबून बघत ते मला म्हणाले, "तू हिची भाडेकरीण का? तुजला ठाऊक आहे का, आमचे लोक या घरात जेवत नाहीत ते? भांडी घासायला येते ती बाई हिच्या चुलीपाशी बसून हिच्याबरोबर जेवते. वीस वर्षं झाली. स्वयंपाकघरातली अस्की मडी हिने काढून टाकली. आणि पडवीत गाडीला मडी पाळते, असं पत्रात लिहिते!"

"आता तीही काढली, अण्णा," अक्का आतून म्हणाल्या.

मी खाणावळीत जेवत असे. त्यांचं स्वयंपाकघर मी कधी पाहिलंच नव्हतं. दोन वर्षं मी ज्या बाईंना पत्रकं वाचायला देत होते, त्यांच्या चुलीपाशी ती लिहिली जाण्याआधीपासून अमलात होती.  

रविवारी शोळावरमला ऊन असं की धावपट्टीचं टोक पाण्यासारखं हलत होतं. तरुण मुलं, चहामळ्यांचे मालक, गॉगल, पेट्रोलचा वास. नऊवारी एकच. तपासनीस लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ होते, मिशा पिळलेले, हातात टाचणवही. त्यांनी चाकं काढायला लावली, डोकावून पाहिलं, बोल्टांना पाना लावून पाहिला. "कुठल्या गॅरेजमध्ये केलं?"

"घरी. आम्ही दोघींनी."

"ठीक दिसतंय," ते म्हणाले आणि सहीसाठी पेन उघडलं. अण्णांनी छत्रीवर जोर दिला. मी श्वास सोडला.

आणि अक्कांनी आपली वही त्यांच्या पुढे केली. "सहीच्या आधी हे वाचा. डाव्या पॅडना तेल लागलं होतं. घासून, तापवून काढलंय. दहा वेळा सरळ थांबली. पण तुम्हांला ठाऊक असावं."

मी त्यांचा पदर ओढला. तपासनिसांनी पेन बंद केलं. "मॅडम, हे मला सांगायची काही गरज नव्हती. मला दिसलं नसतं."

"म्हणून तर सांगितलं."

त्यांनी वहीची चार पानं उभ्या उभ्या वाचली. मग टोपी काढून अक्कांच्या शेजारी गाडीत बसले. गाडी धावपट्टीवर गेली. नंतर अक्कांनी सांगितलं की भर वेगात ते म्हणाले, "सुकाणू सोडा आणि दाबा." आम्हांला लांबून फक्त एवढंच दिसलं की दोन हात वर गेले आणि हिरवी गाडी सुतासारखी सरळ थांबली. तीन वेळा.

परत येऊन त्यांनी निकाल सांगितला. एकदा तेल लागलेल्या पॅडवर दहा गाड्यांच्या गर्दीत पळायची परवानगी ते देणार नाहीत. नवे पॅड घालून पुढच्या वेळी या. पण ब्रेक पास. जेवणाच्या सुट्टीत धावपट्टी मोकळी असते, तेव्हा एकटीने हवं तेवढं पळवा. त्यांनी सही केली, ती अक्कांच्या वहीत, शेवटच्या आकड्याखाली.

मी भडकले. खरं बोलल्याची शिक्षा का, असं मी त्यांना तमिळमध्ये, मोडक्यातोडक्या, पण मोठ्याने विचारलं. अक्का म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. मीही हेच केलं असतं." आणि गाडीत बसल्या.

ती एक फेरी मी विसरणार नाही. पोरं हातातल्या पुऱ्या तशाच धरून उभी राहिली. तो आवाज, तो पदर, आणि मग टोकाला जाऊन गाडी थांबली. थांबली ती थांबलीच. एक मिनिट झालं, दोन झाली. गाडी वळेना.

"काय झालं?" अण्णा म्हणाले. "काही मोडलं का?" आणि मी उत्तर द्यायच्या आत ते निघाले. एवढ्या उन्हात, छत्री उघडायची विसरून, तो माणूस धावपट्टीच्या मधोमध चालत, मग जवळजवळ पळत निघाला. टोकाला पोचल्यावर दोन ठिपके शेजारीशेजारी उभे राहिले. बराच वेळ. काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. अक्कांना विचारलं तर म्हणतात, "भावाबहिणीचं."

मग ते दोन ठिपके गाडीत बसले, आणि गाडीत दोघांचीच जागा, म्हणून मला बसने परत यायचं होतं हे मी समजून घेतलं. कोइमतूरच्या गिऱ्हाइकाचं काय, हे विचारायलाही कुणी उरलं नव्हतं.

बस गच्च भरली होती. रेड हिल्सच्या अलीकडे ड्रायव्हरने हॉर्नवर हॉर्न वाजवायला सुरुवात केली. पुढे काहीतरी बैलगाडीच्या चालीने चाललं होतं. बस बाजूने पुढे काढताना सगळे खिडकीकडे वळले आणि हसायला लागले. ती गडद हिरवी शर्यतीची गाडी होती. सुकाणूवर अण्णा. पाठ ताठ, दोन्ही हात घट्ट, कपाळावरचा अंगारा घामाने गालापर्यंत आलेला. शेजारी अक्का बसल्या होत्या, आणि दर पन्नास पावलांवर गाडी उगीचच थांबत होती. अण्णा थांबवत होते. थांबत होती.

"बसने शर्यतीची गाडी मागे टाकली!" कंडक्टर ओरडला.

मी गर्दीतून वाट काढत मागच्या खिडकीशी गेले आणि ती दिसेनाशी होईपर्यंत थांबे मोजत राहिले. सगळे सरळ.